द्राक्षाला अढी नसते

एप्रिलमध्ये देवगडला आमच्या घरी दुपारी अडीचच्या सुमारास फोन येतो. सकाळची आंबेकाढणी आटोपलेली असते, पडवीत गवतावर हापूसची अढी लावून झालेली असते आणि चिकाने हात चरचरत असतात. फोन भाचीचा असतो. ती न्यूझीलंडच्या दक्षिण टोकाकडे, सेंट्रल ओटागो नावाच्या भागात एका द्राक्षबागेत वाइनमेकर आहे. तिच्याकडे तेव्हा रात्रीचे नऊ वाजलेले असतात आणि तीही दिवसभर फळ उतरवून आलेली असते. आमचा हापूस आणि तिची द्राक्षं एकाच महिन्यात तयार होतात. त्यामुळे आमच्या बोलण्यात ख्यालीखुशालीपेक्षा फळच जास्त असतं.

गावात कुणी विचारलं की "दारूच्या कारखान्यात आहे" एवढ्यावर तिचं काम संपतं. ते मला लागतं. तिचं काम आंबा बागायतदाराच्या कामाच्या फार जवळचं आहे, आणि थंड मुलखात शिकलेली तिची विद्या आपल्या करवंद-कोकमांना उपयोगी पडेल असं मला मनापासून वाटतं. म्हणून तिच्याकडून ऐकलेलं, समजून घेतलेलं इथे मांडतो.

सुरुवात एका प्रश्नाने झाली. पहिल्या वर्षी मी तिला विचारलं होतं, "तुमची द्राक्षं किती आण्यांवर उतरवता?" आपल्याकडे आंबा चौदा आणे तयार झाला की उतरवतात. देठाजवळ खळगा पडतो, खांदे वर येतात, सालीचा गर्द हिरवा रंग उतरायला लागतो. उरलेले दोन आणे अढीत भरतात. झाडावरच पूर्ण पिकू दिला तर साक्याची, म्हणजे आतला गर स्पंजासारखा पांढरट होण्याची, भीती वाढते. ती म्हणाली, "मामा, द्राक्षाला अढी नसते. सोळा आणे वेलीवरच व्हावे लागतात."

हा फरक नीट समजला की तिचं निम्मं काम समजतं. आंबा उतरवताना त्याच्या गरात पिठूळ स्टार्च साठवलेला असतो, त्याची साखर अढीत होते. द्राक्ष तसा साठा करत नाही. मण्यातली साखर पानांकडून रोज थोडी थोडी येते आणि घड कापला की तो पुरवठा तिथेच थांबतो. त्यानंतर मणी सुकेल, कुजेल, पण अधिक गोड होणार नाही. त्यामुळे वर्षातला सगळ्यात मोठा निर्णय एकच असतो, कधी कापायचं. आज कापलं तर आंबट राहील, चार दिवस थांबलं तर कदाचित पाऊस येईल. आमचे गडी झाडाखाली उभे राहून, मान वर करून "अजून चार दिस ऱ्हवांदे" म्हणतात, तेच हे.

आता थंडीचा संबंध. मण्यात दोन गोष्टी एकाच वेळी चालतात, पण उलट्या दिशेने. नाशिककडचे बागायतदार ज्याला मण्यात पाणी उतरणं म्हणतात, म्हणजे कडक हिरवा मणी मऊ पडून रंग धरू लागतो, त्या टप्प्यापासून साखर चढते आणि आंबटपणा उतरतो. आंबटपणा मुख्यतः दोन आम्लांचा. एक टार्टारिक, जे आपल्या चिंचेत असतं. दुसरं मॅलिक, जे हिरव्या सफरचंदात असतं. चिंचेचं आम्ल टिकाऊ आहे, उन्हाने फारसं हलत नाही. मॅलिक मात्र मणी श्वसनासाठी जाळतो, आणि जितकी ऊब जास्त तितकं ते लवकर जळतं. उष्ण मुलखात साखर भराभर भरते आणि आंबटपणा तेवढ्याच वेगाने निघून जातो. वास आणि रंग तयार व्हायला जो वेळ लागतो तो मिळतच नाही, कारण साखर हद्द ओलांडायच्या आत फळ कापावं लागतं.

थंड मुलखात हे सगळं सावकाश होतं. सेंट्रल ओटागो ४५ अंश दक्षिण अक्षांशावर आहे. तिथे उन्हाळ्यातला मोठा दिवस साडेपंधरा तासांचा असतो, आपला तेरा तासांचा. म्हणजे पानांना काम करायला ऊन भरपूर. पण दिवसा पंचवीस-तीसपर्यंत चढलेला पारा रात्री दहाच्या आसपास उतरतो आणि ते मॅलिक जळणं मंदावतं. दिवसा साखर जमा होते, रात्री आंबटपणा राखला जातो. आपल्या किनाऱ्यावर समुद्र दिवस-रात्रीत एवढा फरक पडूच देत नाही.

जगभरच्या द्राक्षबागांची वर्गवारी करताना वेलीच्या वाढीच्या सात महिन्यांचं सरासरी तापमान बघतात. ते १३ ते १५ अंश असेल तर थंड हवामान, १७ च्या पुढे उबदार, १९ च्या पुढे उष्ण. आपल्याकडे वर्षाची सरासरीच २६-२७ अंशांच्या घरात. दुसरा एक हिशेब कॅलिफोर्नियातल्या अमेरिन आणि विंकलर या दोन शास्त्रज्ञांनी १९४४ मध्ये मांडला. १० अंशांखाली वेल जवळजवळ वाढत नाही, म्हणून रोजच्या सरासरीतून १० वजा करायचे आणि उरलेलं हंगामभर बेरजेत टाकत जायचं. पिग्मी खात्यासारखं. हंगामाअखेर जेवढी शिल्लक, तेवढी तिथली ऊब, आणि त्यावरून कुठली जात लावायची ते ठरतं. शिल्लक कमी असेल तिथे पिनो न्वार, रिस्लिंग, शार्दोने अशा कमी ऊबेत तयार होणाऱ्या जाती लावतात. भाचीच्या भागात जास्तीत जास्त लागवड पिनो न्वारचीच आहे.

त्या भागाची गोष्टही मला आवडते. १८६० च्या दशकात तिथे सोनं सापडलं आणि लोकांची झुंबड उडाली. त्यांच्यातच आलेल्या फेरो नावाच्या फ्रेंच माणसाने १८६४ मध्ये क्लाइड गावाजवळ द्राक्षवेली लावल्या. १८९५ मध्ये रोमियो ब्रागाटो हा द्राक्षतज्ज्ञ सगळा न्यूझीलंड फिरला आणि ही जमीन द्राक्षासाठी उत्तम असल्याचं सांगून गेला. तरी पुढे कित्येक दशकं तिथे मुख्यतः मेंढ्या आणि फळबागाच राहिल्या. पहिली व्यापारी पिनो न्वार वाइन निघाली ती १९८७ च्या हंगामाची. जमीन चांगली आहे हे कळणं आणि त्या जमिनीवर कुणीतरी जन्म घालवणं, यात नव्वद वर्षं गेली.

भाची तिथवर कशी पोहोचली ते थोडक्यात सांगतो. सूक्ष्मजीवशास्त्रात पदवी घेतली, नाशिकच्या एका वाइनरीत प्रयोगशाळेत लागली, मग न्यूझीलंडच्या लिंकन विद्यापीठात द्राक्षशेती आणि वाइनचा अभ्यास केला. पण ती म्हणते की खरं शिक्षण हंगामात होतं, आणि हंगाम वर्षातून एकदाच येतो. वीस वर्षांची नोकरी म्हणजे फक्त वीस वेळा केलेलं काम. म्हणून या धंद्यातली तरुण मुलं दोन गोलार्धांत फिरतात. मार्च-एप्रिलमध्ये दक्षिणेकडे, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये जर्मनी किंवा फ्रान्सकडे. एका वर्षात दोन हंगाम. चार वर्षं ती अशी फिरली, आणि त्या चार वर्षांत तिने सगळ्यात जास्त काय केलं असेल तर टाक्या, पाइप आणि क्रेट धुतले. हे ती अभिमानाने सांगते. वाइन बिघडते ती बहुतेक वेळा अस्वच्छतेने.

नाशिकचा अनुभव तिला तिथे फार कामाला आला, तोही उलट्या अर्थाने. नाशिकची वेल हिवाळ्यात झोपत नाही. म्हणून तिथे वर्षातून दोन छाटण्या करतात, एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची गोडी छाटणी. फळ धरायचं ते थंडीत, जानेवारी ते मार्चमध्ये काढायचं. म्हणजे माणूस छाटणीच्या कात्रीने वेलीचं कॅलेंडर फिरवतो, थंडीचे महिने शोधून त्यात पीक बसवतो. सेंट्रल ओटागोत वेल आपली आपणच झोपते, पानं गाळते, बर्फात उभी राहते. छाटणी एकच, तीही ऐन थंडीत. तिथे प्रश्न थंडी शोधण्याचा नसतो, थंडीपासून वाचण्याचा असतो.

वसंतात डोळे फुटतात. काडीवरचा फुगीर डोळा उघडून गुलाबी-हिरवा कोंब बाहेर येतो, आणि त्या कोंबाला शून्याच्या एक-दोन अंश खालची रात्रही मारू शकते. आपल्याकडे मोहोर फुललेला असताना अवकाळी पाऊस आला की काळजात जे होतं, तेच तिथे निरभ्र, वारा पडलेल्या रात्री होतं. गोठणाऱ्या दहिवरापासून वाचवण्याचा त्यांचा उपाय ऐकून मी चकित झालो होतो. ते वेलींवर पाणी मारतात. गोठायच्या रात्री पाणी! पण त्यामागे साधं शास्त्र आहे. पाणी गोठताना उष्णता बाहेर टाकतं, दर ग्रॅमला ८० कॅलरी. तुषार सिंचन रात्रभर चालू ठेवलं की कोंबावर बर्फाचा थर चढत राहतो, प्रत्येक नवा थेंब गोठताना थोडी ऊब सोडतो आणि आतला कोंब शून्य अंशाच्या खाली जात नाही. मध्येच पाणी बंद पडलं तर मात्र नुकसान दुप्पट, म्हणून सकाळी बर्फ वितळेपर्यंत पंपाजवळून हलायचं नाही. तिने एका पहाटेचा फोटो पाठवला होता. प्रत्येक कोंब काचेच्या गोटीत बंद, आतली लव सुद्धा दिसत होती, आणि मागे डोंगरावर कोवळं ऊन. दुसरा उपाय मोठ्या पंख्यांचा. शांत रात्री गार हवा जमिनीलगत बसते आणि वर थोडी उबदार हवा तरंगत असते, तिला पंख्याने खाली ढकलायचं. कधीकधी त्यासाठी हेलिकॉप्टर सुद्धा घिरट्या घालतं.

मार्च उजाडला की ती रोज सकाळी बागेत फिरते. वेगवेगळ्या ओळींतले, उन्हाकडचे, सावलीतले असे मणी गोळा करते, चुरगळते आणि एक थेंब रस ब्रिक्समापकावर टाकते. ब्रिक्स म्हणजे रसातल्या साखरेचं शेकडा प्रमाण. हे हातात मावणारं, दुर्बिणीसारखं डोळ्याला लावायचं यंत्र. साखर जितकी जास्त तितका प्रकाश जास्त वाकतो, आणि आत निळ्या-पांढऱ्या सीमारेषेवर आकडा दिसतो. पिनो न्वार २३-२४ ब्रिक्सच्या आसपास कापायची असते. पण आकडा हे निमित्त, असं ती म्हणते. खरी परीक्षा दाताची. मणी तोंडात टाकायचा, साल वेगळी चावायची, बी वेगळी. बी हिरवी आणि कडवट असेल तर थांबायचं. तपकिरी झाली, भाजलेल्या शेंगदाण्यासारखी कुडकुडीत फुटली की जवळ आलं. साखर, आम्ल आणि बी या तिघांचं एका दिवशी जमणं ही थंड मुलखाची मेहेरबानी. सगळ्या वर्षी ती होतेच असं नाही.

पुढचं काम तळघरातलं, आणि तिथे यीस्ट राबतं. साखर खाऊन ते अल्कोहोल, कर्बवायू आणि ऊब तयार करतं. लिटरला साधारण १७ ग्रॅम साखरेतून एक टक्का अल्कोहोल, हा हिशेब लक्षात ठेवण्यासारखा आहे, पुढे लागणार आहे. कर्बवायू मात्र जपायची गोष्ट. एक लिटर रस आंबताना पन्नास लिटरहून अधिक वायू निघतो, तो हवेपेक्षा जड असतो आणि खड्ड्यात साचतो. जुन्या विहिरीत उतरण्याआधी आपले लोक दिवा सोडून बघायचे, तसंच तिथे मापक घेतल्याशिवाय टाकीत कुणी वाकत नाही.

लाल वाइनचा रंग रसात नसतो, सालीत असतो. म्हणून सालीसकट आंबवतात. वायूमुळे साली वर येऊन घट्ट थर बनतो, तो दिवसातून दोन-तीनदा दांड्याने खाली दाबावा लागतो. पिनोची साल पातळ असते, जोर केला तर कडवटपणा उतरतो. भाची म्हणते की तिच्या कामातला बराच भाग हात आवरण्याचा आहे.

इथे तिची एक चूक सांगतो, तिच्या परवानगीने. पहिल्याच मोठ्या जबाबदारीत एका आठवड्यात थंडी अचानक वाढली. रात्री टाकीचं तापमान बघायचं तिच्याकडून राहून गेलं आणि यीस्ट गारठून थांबलं. साखर अर्धी उरलेली. अशी अडकलेली टाकी म्हणजे बिघाडाला आमंत्रण, कारण उरलेल्या साखरेवर नको ते जिवाणू ताव मारतात. तिने टाकी हळूहळू उबवली, थोड्या रसात नवं यीस्ट जागवलं, अल्कोहोलची सवय लावत लावत ते विरजणासारखं टाकीत सोडलं. बारा दिवस झोप नाही. टाकी वाचली.

विरजणाची तुलना तिथेच थांबत नाही. अल्कोहोल तयार झाल्यावर दुसरं एक आंबवणं होतं, तेही जिवाणूंकडून. ते हिरव्या सफरचंदाच्या तीक्ष्ण आम्लाचं दह्यातल्या मऊ आम्लात रूपांतर करतात. थंड मुलखातल्या लाल वाइनला हे फार आवश्यक, कारण तिच्यात मूळ आंबटपणा जास्त असतो. रिस्लिंगसारख्या पांढऱ्या वाइनमध्ये मात्र ते बहुधा मुद्दाम होऊ देत नाहीत, तो धारदारपणा हवा असतो. पांढरी वाइन आंबवतातही थंड, १२ ते १६ अंशांवर, कारण सुवासिक द्रव्यं उडून जाणारी असतात. ऊब वाढली की वास तळघरात दरवळतो आणि बाटलीत काही उरत नाही.

वासावरून आठवलं. थंड भागातल्या शिराझ वाइनला काळ्या मिरीचा वास येतो असं जाणकार पूर्वीपासून म्हणत. २००८ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या वाइन संशोधन संस्थेने त्यामागचं द्रव्य ओळखलं, त्याचं नाव रोटुंडोन. तेच द्रव्य काळ्या मिरीतही निघालं. ही उपमा नव्हतीच, पदार्थ खरोखर एकच होता. आमच्या पोफळीवर चढलेल्या मिरीवेलीकडे मी तेव्हापासून वेगळ्या नजरेने बघतो.

मग कोकणात द्राक्षं लावावीत का? माझं स्पष्ट मत, नाही. सेंट्रल ओटागोतल्या अलेक्झांड्राला वर्षाला ४०० मिलिमीटरहून कमी पाऊस पडतो, रत्नागिरीला ३,००० च्या वर. या दमटपणात भुरी आणि केवडा हे बुरशीचे रोग वेलीला उभं राहू देणार नाहीत. पण थंड मुलखातल्या वाइनमेकरपुढचा प्रश्न काय असतो ते पुन्हा बघा. आंबटपणा भरपूर, साखर कमी, साल-बियांचा तुरटपणा सांभाळायचा, वास जपायचा. आता आपली रानफळं बघा. करवंद आंबट, कोकम अतिआंबट, जांभूळ तुरट, काजूचं बोंडू तर घसा धरणारं. साखर सगळ्यांत बेताची. ही फळं उन्हात पिकतात, पण त्यांच्या रसाचा स्वभाव थंड मुलखातल्या द्राक्षासारखा आहे. म्हणून त्यांची वाइन करायची तर धडे तिकडून घ्यायला हवेत.

करवंदाचा रस १० ब्रिक्सचा धरला तर लिटरला साधारण शंभर ग्रॅम साखर. मघाच्या हिशेबाने सहा टक्क्यांच्या आसपास अल्कोहोल, म्हणजे वाइन टिकणार नाही. अशा वेळी आंबवण्याआधी साखर घालतात. फ्रान्समध्ये शाप्ताल या रसायनशास्त्रज्ञाने १८०१ मध्ये ही रीत शास्त्रशुद्ध मांडली, आणि ती थंड भागांतच जास्त वापरली गेली. आंबटपणाला घाबरायचं कारण नाही, तो नको त्या जिवाणूंना दूर ठेवतो. कोकमाचं मात्र इतकं आंबट असतं की पाणी घालून उतरवावं लागतं, नाहीतर यीस्ट हलतच नाही. बोंडवाचा तुरटपणा तांदळाच्या पेजेने किंवा साबुदाण्याच्या खळीने तळाशी बसवता येतो, काजू संशोधनात ही पद्धत सांगितलेली आहे. पेज आपल्या रोजच्या घरातली, पण कितीजणांना हे ठाऊक आहे? बी काढून घेतली की बोंडवांचे ढीग कलमांखाली कुजतात, दरवर्षी, आणि ते बघताना मला खरोखर वाईट वाटतं. बोंडू सकाळी पडलं की त्याच दिवशी पिळायला हवं, दुसऱ्या दिवशी ते आंबूस होतं. उन्हाच्या आत वेचणी, लगेच पिळणं आणि रस गार ठेवणं, याला पर्याय नाही. गार करण्याचा खर्च हीच आपल्याकडची खरी अडचण आहे. तिकडची थंडी फुकटची, इथे विजेचं बिल येणार. शिवाय विक्रीसाठी वाइन करायची तर राज्य उत्पादन शुल्क विभागाचा परवाना लागतो, तो घेऊनच हे काम करायचं. एकट्या बागायतदाराला हे झेपणार नाही, चार गावांनी मिळून एक शीतगृह आणि एक शिकलेला माणूस ठेवला तर झेपेल.

गेल्या वर्षी मे महिन्याच्या शेवटी भाची पंधरा दिवस आली होती. ब्रिक्समापक सोबत होता. सड्यावरची, म्हणजे कातळाच्या माळावरची, करवंदं तिने जाळीजाळीने वेगळी मोजली. चीक काचेला चिकटायचा, ती पदराने नाही, ओल्या सुती फडक्याने हलकेच पुसायची. एकाच सड्यावर पूर्वेकडच्या जाळीला ११ आणि ओढ्याकाठच्या जाळीला ८ आलं. अढीतला पिकलेला हापूस १९. विहिरीजवळच्या जांभळाला १२ होतं, पण तुरटपणा अजून बोचरा होता, म्हणून ती म्हणाली थांबूया. तिच्या जाण्यानंतर तिसऱ्या दिवशी मृगाचा पाऊस आला. मी पुन्हा मोजलं, ९. आकडा तिला कळवला. तिचं उत्तर आलं, "ढग दिसल्यावर आदल्या संध्याकाळी उतरवायची होती मामा, तुरटपणाचं पुढे बघता आलं असतं. चूक माझी, थांबायला मीच सांगितलं."

यंत्र ती इथेच ठेवून गेली आहे. यंदा जांभळाची मोजणी मी २० मेपासून रोज संध्याकाळी करणार आहे, आणि या वेळी आकड्याशेजारी आभाळ कसं आहे तेही लिहून ठेवणार आहे.